काड्यांनी पंचवीस, वहीनं पस्तीस

'ताई, मी सोलापुरात एका मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीला शिकवते. पटावर ४४ मुलं. बरेच वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, आया घरी विड्या वळतात. निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड. प्रशिक्षण झाल्यावर या वर्षी सगळं कृतीतून शिकवायचं ठरवलं. काड्या, मणी, चिंचोके, कागदी घड्याळं, वर्गातला बाजार, काही सोडलं नाही. मुलं खूश असतात. पण वही उघडली की पहिले पाढे पंचावन्न! काड्यांनी बरोबर वजाबाकी करणारी मुलगी वहीत ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिते. पालक म्हणतात, वही कोरी, बाई नुसत्या खेळवतात. हेडसरांना व्हरांड्यापर्यंत आवाज येतो. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणतात, कशाला हा व्याप, फळ्यावर घाला आणि उतरवून घ्या. माझं काही चुकतंय का? की अजून वेगळे उपक्रम शोधू? आणि साहित्यावर खर्च किती करायचा? रबरंसुद्धा पदरच्या पैशानं आणते.'
दुसरीच्या बाई, सोलापूर

बाई,

वेगळे उपक्रम अजिबात शोधू नका. आहेत त्यातलेही निम्मे बंद करा.

तुमची काड्या, मणी, चिंचोक्यांची यादी वाचतानाच मला शंका आली की तुमच्या वर्गात साहित्य दर आठवड्याला बदलतं आणि प्रश्न मात्र तोच राहतो: 'मोजा बघू किती झाले?' हे नेमकं उलटं करायचं. साहित्य एकच, तेही महिनोन्महिने, आणि प्रश्न रोज नवा. मणी हातात आले की पहिले दोन दिवस मूल मणीच बघतं. रंग निवडतं, शेजाऱ्याचा पिवळा आपल्याकडे ओढतं, कुणीतरी माळ करून गळ्यात घालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मणी जुना होतो आणि मग कुठे त्यातली संख्या दिसायला लागते. आपण नेमके त्याच दिवशी चिंचोक्यांचा डबा उघडतो.

आता ती पस्तीसवाली मुलगी. तिनं काय केलं ते बघा. सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. वरचा कुठला, खालचा कुठला हे न बघता मोठ्यातून लहान काढायचा, हा नियम तिनं स्वतःच बनवलाय, आणि बिनहातच्याच्या वजाबाकीत तो तिला कधी नडलेला नाही. म्हणजे ती डोकं लावतेय. तिला 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून काही उपयोग नाही, तिचं पूर्ण लक्ष आहे.

आणि काड्यांच्या वेळी? समोर दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. द्यायच्यात सात. सुट्या तर दोनच. इथं वर्गात फिरून मुलांच्या हातांकडे बघत जा, बघण्यासारखं असतं. कुणी गठ्ठ्यातूनच काडी उपसायला बघतं, रबर घट्ट असतं, काडी अर्धवट येऊन अडकते. कुणी शेजाऱ्याकडून पाच सुट्या मागतं (उसना हा शब्द तिथूनच आला असावा असं वाटण्याइतकं ते सहज होतं). मग कुणीतरी रबर सोडतं. दहा सुट्या होतात, आधीच्या दोन धरून बारा. त्यातून सात बाजूला, उरल्या पाच. दोन गठ्ठे बाजूला, उरले दोन. पंचवीस. हाताला कळलं. पण वहीत ते रबर कुठंय? तिथं ५ आणि २ असे दोन आकडे शेजारी उभे आहेत, आणि त्यातला ५ म्हणजे पाच गठ्ठे हे कागदावर कुठंच लिहिलेलं नाही. तिच्या लेखी काड्यांचं गणित वेगळं आणि वहीचं वेगळं, जसं घरी तेलुगू आणि शाळेत मराठी. दोन्ही तिला येतं, एकीतून दुसरीत जायला मात्र तिला कुणी सांगितलेलं नाही.

ते सांगायचं कसं, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातला खरा पेच हाच आहे.

उद्या तेच गणित पुन्हा घ्या. तिला काड्यांनी करू द्या, वहीतही करू द्या, आणि दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. तिचं नाव न घेता वर्गाला विचारा, 'काड्यांनी पंचवीस आले, वहीनं पस्तीस. कोण खरं बोलतंय?' आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड जातं, आपल्याला सांगायची घाई असते. मुलं भांडतील. कुणी म्हणेल वही खरी, कारण वहीत बाई टिक करतात. कुणी पुन्हा मोजेल. कुणाला तरी सुचेल की २७ मध्ये ३५ मिळवून बघू, ५२ येतात का. हे कुणाला सुचलं नाही तर तिसऱ्या दिवशी तुम्ही सुचवा, पहिल्या दिवशी नको.

मग मधली पायरी. हीच आपण सगळे गाळतो. काड्या आणि आकडे यांच्यामध्ये एक चित्र हवं. गठ्ठ्याची एक उभी रेघ, सुट्या काडीचा एक टिंब. बावन्न म्हणजे पाच रेघा, दोन टिंबं. रबर सोडलं की एक रेघ खोडायची आणि तिथं दहा टिंबं काढायची. मग त्यातली सात खोडायची. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हाच क्रम मांडला होता: आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. प्रशिक्षणात त्याचं नाव आलंही असेल. पण वर्गात आपण पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतो आणि मूल मध्ये पडलं की कृतीलाच दोष देतो.

चित्र जमलं की आकडे. आता वहीतली प्रत्येक खूण हाताच्या कामाशी बांधायची. ५ खोडून वर ४ लिहिला, विचारा, 'हे लिहिलंस तेव्हा काड्यांत काय केलंस?' 'रबर सोडलं.' २ चे १२ झाले, 'हे बारा कुठून आले?' 'सोडलेल्या दहा आणि आधीच्या दोन.' हे मुलानं तोंडानं म्हणायला हवं. सगळ्या वर्गानं सुरात नव्हे, एकेकानं. ४४ जणांचं एका दिवसात होणार नाही, रोज पाच-सहा जणांना पकडा. ज्याला सांगता येत नाही त्याचं उत्तर बरोबर असलं तरी तो अजून काड्यांपाशीच आहे असं समजा.

उलटंही करून बघा. आधी फळ्यावर आकड्यांत चुकीची वजाबाकी मांडा आणि म्हणा, हे काड्यांनी करून दाखवा. करता येणारच नाही. त्या वेळी होणारा गोंधळ हेडसरांना ऐकू गेला तर जाऊ द्या.

प्रश्न बदलायचे म्हणजे काय, तेही सांगते. त्याच बावन्न काड्या घ्या. 'बावन्न किती प्रकारे मांडता येतील?' पाच गठ्ठे दोन सुट्या. चार गठ्ठे बारा सुट्या. तीन गठ्ठे बावीस. ज्या मुलानं चार गठ्ठे आणि बारा सुट्या स्वतःच्या हातानं मांडून 'हेही बावन्नच' असं म्हटलंय, त्याला उसना शिकवायला फारसं काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी: 'शंभर व्हायला अजून किती हव्यात?' तिसऱ्या दिवशी: 'चौघांत सारख्या वाटा.' प्रत्येकाला एकेक गठ्ठा मिळतो, एक उरतो, चौघं एकमेकांकडे बघतात आणि मग कुणीतरी रबर सोडतं. बारा सुट्या, प्रत्येकी तीन. तेरा-तेरा. भागाकार अजून शिकवायचाय, पण मुलांनी तो केलासुद्धा.

तुमच्या वर्गात तेलुगू-कन्नड बोलणारी मुलं जास्त आहेत, त्यामुळे अजून एक गोष्ट बघा. २५ ऐवजी ५२ लिहिणारी मुलं तुमच्याकडे असणारच. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी. तेलुगूत 'इरवै ऐदु', कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', दोन्हीकडे वीस आधी आणि पाच नंतर, म्हणजे लिहितो त्याच क्रमानं. याच अडचणीवर उपाय म्हणून बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा वाचनाची पद्धत आणली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तो तुम्हाला आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही. पण तुमच्या वर्गातल्या मुलांकडे ती पद्धत घरचीच आहे, ती वापरा. गठ्ठे मांडताना त्यांना तेलुगूत मोजू द्या. दोन गठ्ठे ठेवले, 'इरवै', पाच सुट्या ठेवल्या, 'ऐदु'. मग मराठी मुलांना म्हणा, बघा हा कसा मोजतो. घरची भाषा शाळेत आणली म्हणून कायम गप्प केलं गेलेलं मूल त्या दिवशी वर्गाला शिकवत असतं.

एकोणतीस, एकोणचाळीस यांचा घोळ सगळ्यांचाच. 'तीस' ऐकलं की मूल ३ लिहितं आणि एकोणतीसचे ३९ होतात. इथं तीन गठ्ठे मांडायला लावा आणि मग एक काडी काढून घ्यायला लावा. काडी काढायची तर रबर सोडावंच लागतं, उरतात दोन गठ्ठे नऊ सुट्या. दोन-चारदा केलं की पुरतं.

बाकीच्या उपक्रमांवर आता भराभर.

कागदी घड्याळ बंद करा. त्याचे दोन्ही काटे सुटे फिरतात. मूल साडेतीन दाखवताना लहान काटा तीनवरच ठेवतं, मोठा सहावर नेतं, आणि आपण 'शाब्बास' म्हणतो. खऱ्या घड्याळात लहान काटा तेव्हा तीन आणि चारच्या मध्ये असतो. घरोघरी सेल संपून बंद पडलेली भिंतीवरची घड्याळं असतात, दोन-तीन मागवा. मागचं चाक फिरवलं की दोन्ही काटे बरोबर फिरतात आणि मोठा एक फेरी मारेपर्यंत लहान एकच घर सरकतो, हे मुलाला आपोआप दिसतं.

बाजार वर्षातून एकदा ठीक. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्ड्याची जत्रा असते, मुलांच्या डोक्यात तेव्हा पाळणे आणि दुकानंच असतात, त्या आठवड्यात करा. मात्र खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या नोटा आणू नका. मुलं पाचशेच्या नोटेसाठी भांडतात आणि हिशेब बाजूला राहतो. साहित्य जितकं नटवलेलं, तितकं मुलांचं लक्ष संख्येवरून वस्तूवर जातं, हे अभ्यासकांनीही पाहिलेलं आहे. पुठ्ठ्याच्या चकत्यांवर १, २, ५, १० लिहा, झालं.

चिंचोके दुसरीला चालतील, पहिलीला देऊ नका. नाकात घालतात.

पाण्यानं मापन करायचा मोह टाळा. नळाची वेळ सगळ्या गल्लीला पाठ असणाऱ्या गावात वर्गात पाणी सांडलं की उपक्रमापेक्षा तेच घरी सांगितलं जातं. एक पातेलं ज्वारी आणा. वाटीनं, पेल्यानं, डब्यानं तीच मोजा, सांडली तर वेचता येते, आणि ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरात 'चार वाट्या' म्हणजे किती याचा अंदाज मुलींना आपल्यापेक्षा बरा असतो. मुलग्यांनाही येऊ द्या.

एक उपक्रम मात्र तुमच्या यादीत नाही आणि सोलापुरात तो नसावा याचं मला आश्चर्य वाटलं: विणकाम. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर आणि टॉवेल ज्या गावात विणले जातात, तिथली मुलं ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) हे शब्द घरी रोज ऐकतात आणि शाळेत कधीच नाही. जुन्या कॅलेंडरचं पान अर्ध्यात दुमडा, घडीच्या बाजूनं बोटभर अंतरावर कापे द्या, कड सोडून. पान उघडलं की उभे पट्टे तयार. दुसऱ्या रंगाच्या आडव्या पट्ट्या कापा. पहिली पट्टी वर-खाली-वर-खाली अशी घालायची, दुसरी खाली-वर-खाली-वर. मूल दुसरी पट्टीही पहिलीसारखीच घालतं. दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटून सरकतात, वीण बसत नाही, कागद उचलला की सगळं ढिलं पडतं. तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. मूल स्वतः उसवतं आणि पुन्हा घालतं. चांगल्या साहित्याची माझ्या लेखी ही एकच कसोटी आहे: मुलाची चूक साहित्यानंच दाखवली पाहिजे, बाईंनी नाही.

मग प्रश्न. पहिला उभा पट्टा कुठल्या आडव्या पट्ट्यांनी झाकलाय? पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या. अकरावी पट्टी घातली तर झाकेल का? बारावी? सम-विषम फळ्यावर न लिहिता झालं. ज्यांचं पटकन होतं त्यांना 'एका पट्ट्यावरून, दोन पट्ट्यांखालून' असं घालून प्रत्येक ओळीला एक घर पुढे सरकायला सांगा, कागदावर तिरपी रेघ उमटते. तो कागद घरी जाऊ द्या. मागावर काम करणारा बाप तो बघून काहीतरी सांगितल्याशिवाय राहणार नाही, आणि 'बाई नुसत्या खेळवतात' हे वाक्य त्या घरातून तरी पुन्हा येणार नाही.

आयांच्या कामाबद्दल थोडं जपून. विड्यांचा हिशेब हजारावर चालतो, त्यामुळे ही मुलं हजार हा शब्द पुस्तकात येण्याच्या खूप आधीपासून ऐकत असतात. त्याचा आधार जरूर घ्या. पण पानं, तंबाखू वर्गात आणू नका आणि 'तू घरी किती मदत करतोस?' असं चारचौघांत विचारू नका. मूल खरं सांगतं आणि मग घरी बोलणी खातं. त्याऐवजी रिकाम्या कांड्या, सुताचे रिकामे कोन, टॉवेलच्या काठाच्या चिंध्या मागवा. फुकट मिळतात, भरपूर मिळतात, आणि आणून देणाऱ्या पालकाला शाळेच्या कामात आपला हात लागल्याचं समाधान असतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हेच केलं होतं. मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, पानं, शंख-शिंपले घेतले. आज हजारो रुपयांचं 'ॲक्टिव्हिटी किट' विकायला शाळेत कुणी आलं, तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा.

हे जमायचं तर वर्गाची रचना बदलावी लागेल. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, तुमच्याकडे ४४ आहेत. कायद्याचं काय करायचं ते संस्थाचालकांनी बघावं, पण ४४ मुलांच्या हातात एकाच वेळी काड्या देणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. निम्मा वर्ग काड्यांवर, निम्मा पाटीवर किंवा वहीत चित्रांवर. मधल्या सुट्टीनंतर अदलाबदल. काड्यांवर बसलेल्यांचे चार-चारचे गट, प्रत्येक गटाला एक डबा, आणि डब्याच्या झाकणाआत चिठ्ठी: 'नऊ गठ्ठे, दहा सुट्या.' देताना मोजायचं, परत करताना मोजायचं. कमी भरलं तर गटानं शोधायचं. पहिल्या पंधरवड्यात निम्मा तास या मोजामोजीतच जाईल, जाऊ द्या, तेही गणितच आहे. डबा कुणाकडे द्यायचा हे मात्र दर सोमवारी बदला. हुशार मुलीकडेच डबा दिला की बाकीचे तिघं हात बांधून तिचं बघत बसतात.

आवाज होणारच. पण दोन आवाजांत फरक असतो. 'माझी काडी दे' हा आवाज झाला तर साहित्य कमी पडतंय किंवा काम सोपं आहे. 'नाही, बाराच होतात, मोज' हा आवाज झाला तर काही करू नका.

हेडसरांशी वाद घालायला जाऊ नका, त्यांना कागद दाखवा. पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात दुसरीचं एक उद्दिष्टच ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी हे आहे, म्हणजे तुमचं ५२ वजा २७ अगदी नेमकं त्यात बसतं. आपल्याकडे २०१० पासून असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, उपक्रम-कृती आहे. तुम्ही रोज ज्या पाच-सहा मुलांना 'काड्यांत काय केलंस?' असं विचारता, त्यांचं एकेक वाक्य तारीख घालून नोंदवहीत लिहा. 'रबर सोडलं असं सांगते, बारा कुठून आले ते सांगत नाही.' एवढं पुरे. सत्राच्या शेवटी नोंदी रचून लिहिण्याचा जो सार्वत्रिक उद्योग चालतो, तो टळेल आणि शाळा बघायला केंद्रप्रमुख आले तर दाखवायला खरं काहीतरी असेल.

शेजारच्या बाईंना काही पटवायला जाऊ नका. चाचणीनंतर दोन्ही वर्गांच्या वजाबाकीच्या वह्या घेऊन चहाला बसा.

फरशीवर रंगवलेल्या संख्यारेषा तुमच्या वर्गातही असतील. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटचं (तिथल्या शाळांच्या गटाचं) काम बघून गावोगावच्या शाळांनी ज्ञानरचनावादाच्या (मूल स्वतः करून शिकतं, या विचाराच्या) नावानं फरशा रंगवल्या. कुमठ्यात मुलं त्यांवर बसून काम करत होती, बऱ्याच ठिकाणी त्यांवर सतरंजी पसरलेली असते. सतरंजी गुंडाळा, संख्यारेषेवर मुलांना उभं करा. बावन्नवर उभा राहा, सत्तावीस मागे ये. दहा-दहाच्या दोन उड्या आणि सात पावलं. पुन्हा पंचवीस. तेच उत्तर तिसऱ्या वाटेनं आलं की पस्तीसवर कुणाचा विश्वास बसत नाही.

पालकांचं म्हणणं मात्र सगळंच उडवून लावू नका. वही कोरी असते हे खरं आहे ना? मग ती कोरी का? प्रत्येक कृतीनंतर शेवटची दहा मिनिटं वहीची. तारीख, रेघा-टिंबांचं चित्र, त्याखाली आकड्यांतली मांडणी आणि त्याखाली मुलाचं स्वतःचं एक वाक्य. 'मी एक गठ्ठा सोडला.' शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नका. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगावं, तुम्ही फळ्यावर लिहावं, त्यानं बघून उतरवावं. स्वतःचंच वाक्य असलं की ते मुलाला वाचताही येतं, त्यामुळे भाषेच्या तासाचं काम अर्धं इथंच होतं. अशी वही घरी गेली की पालकांना बघायला काहीतरी मिळतं.

आणि पालकसभेत भाषण नको. सतरंजीवर डबे मांडा, आयांना गटात बसवा आणि ५२ वजा २७ काड्यांनी करायला सांगा. बहुतेकींनी शाळेत उसना घेतलेला असतो, तो कुठून येतो हे कुणी दाखवलेलं नसतं. रबर सोडताना त्यांचेही चेहरे बघण्यासारखे होतात. सभा संध्याकाळी ठेवा, कारखान्याची पाळी आणि विड्या पोहोचवायची वेळ सांभाळून, नाहीतर येणार कोण?

पालक पाढ्यांबद्दल विचारतील. पाढे पाठ हवेतच, या बाबतीत मी त्यांच्या बाजूनं आहे. कृतीतून शिकवायचं म्हणजे पाठांतर पाप, असा एक समज हल्लीच्या प्रशिक्षणांतून पसरलाय, तो तुम्ही मनावर घेऊ नका. चारचा पाढा एकदा बांगड्यांच्या चार-चारच्या रांगा मांडून करा, 'चार सक' म्हणजे काय ते दिसू द्या, आणि मग रोज सकाळी खुशाल सुरात म्हणून घ्या. दुसरीला दहापर्यंत पुरे.

काड्या कपाटात कधी ठेवायच्या, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण दोन महिन्यांनी विचाराल. एका दिवसात बंद करू नका. डबे खिडकीत ठेवा आणि 'अडलं तर घ्या' एवढंच सांगा. काही मुलं दिवाळीपर्यंत काड्या घ्यायला उठतील, काही चित्रावर थांबतील, दोन-चार मुलं संक्रांतीपर्यंत खिडकीपाशीच असतील. त्यांना हसू देऊ नका. तिसरीच्या बाईंना त्यांची नावं सांगून ठेवा आणि डबेही देऊन टाका.

राहिला खर्चाचा प्रश्न. काड्यांना पैसे घालवू नका, नव्या खराट्याच्या काड्या बोटभर लांब तोडल्या आणि टोकं दगडावर घासली की झालं. रबरांचं तर सोलापूरच्या उन्हाळ्यात काही खरं नाही, मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होईपर्यंत ती चिकट होऊन तुटायला लागतात. त्याऐवजी टॉवेलच्या काठाच्या वीतभर चिंध्या घ्या आणि मुलांना सुटणारी गाठ मारायला शिकवा. सुरुवातीला निम्म्या मुलांना बांधता येणार नाही, एखादी आई येऊन दाखवेल. बोटांना वळण लागतं ते वेगळंच. आणि उसना घेताना रबर ताणून टुणकन उडवायची सोय राहत नाही, याबद्दल मुलं थोडे दिवस तुमच्यावर नाराज राहतील.